तळ्यात जिवाणूंची पावडर टाकावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. गावाला लागून पाच एकरांचं तळं आहे. वरच्या आळीचं सांडपाणी नाल्याने त्यात येतं. मार्चनंतर पाणी हिरवंगार होतं, वास सुटतो, आणि गेली दोन वर्षं मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी रोहू-कटला पोटं वर करून तरंगताना दिसतात. एक विक्रेता बाटलीतला प्रयोग दाखवून गेला. दर महिन्याला दहा किलो जिवाणूंची पावडर टाका म्हणतो आणि ग्रामपंचायत त्याला पैसे द्यायच्या विचारात आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘घाण तर जिवाणूंमुळेच होते ना? मग जिवाणू घालून पाणी साफ कसं होणार?’

तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून माझं उत्तर आहे, पावडर नको. मात्र त्यामागचं कारण तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. जिवाणू घाण करत नाहीत, ते घाण खातात. तुमच्या तळ्यात त्यांची अजिबात टंचाई नाही. टंचाई आहे ती ऑक्सिजनची.

हिशेब करून बघू. पाच एकर आणि सरासरी दोन मीटर खोली धरली तर पाणी झालं चार कोटी लिटर. गोड्या पाण्याच्या तळ्यात एका मिलिलिटरला ढोबळमानाने दहा लाख जिवाणू असतात. म्हणजे तुमच्या नुसत्या पाण्यातच चारावर सोळा शून्यं इतके जिवाणू आजच्या घडीला आहेत. आता पावडर. अशा पिशव्यांवर बहुधा ग्रॅमला शंभर कोटी जिवाणू असं काहीतरी छापलेलं असतं. ते खरं मानलं तरी दहा किलोत होतात एकावर तेरा शून्यं. चार हजार वस्तीच्या गावात एक पाहुणा उतरावा, एवढंच प्रमाण. गाळाचा हिशेब तर मी अजून धरलेलाच नाही. तळाच्या गाळात ग्रॅमला शंभर कोटींच्या आसपास जिवाणू सहज सापडतात. म्हणजे विक्रेत्याची पिशवी आणि तुमच्याच तळ्यातला घमेलंभर गाळ, दोन्हींत आकडा जवळपास तोच. गाळ फुकट आहे आणि त्यातले जिवाणू तुमच्या पाण्याला सरावलेलेही आहेत.

हे एवढे सगळे जिवाणू दिवसभर करतात काय? शेवाळातून आणि कुजणाऱ्या पाल्यातून पाण्यात बरंच काही विरघळतं. ते माशाला खाता येत नाही, जिवाणूला येतं. जिवाणूंना डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय प्राणी खातात, त्यांना पाण्यातल्या पिसवांसारखे बारीक जीव खातात आणि त्यांच्यावर माशांची पिल्लं वाढतात. वाया गेलेलं अन्न परत पंगतीला आणून बसवण्याचं हे काम आहे. शिवाय जिवाणूंच्या दहापट विषाणू त्याच पाण्यात असतात. त्यातले बहुतेक फक्त जिवाणूंनाच मारतात, तुम्हा-आम्हाला नाही. म्हणून बाहेरून आणलेली पाहुणेमंडळी काही दिवसांत खाल्ली तरी जातात किंवा फुटतात तरी. तळं म्हणजे रिकामं भांडं नव्हे. तिथे प्रत्येक जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं आहे.

आता तुमचे मासे का मरतात ते बघू. तीस अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, दर लिटरला. ऊन असताना शेवाळ त्यात भर घालतं. दुपारी तीनला हिरव्या तळ्यात मीटर बुडवला तर आकडा इतका भरघोस येतो की पाणी उत्तम आहे असं वाटावं. सुरुवातीच्या काळात मी या सापळ्यात अडकलोय. दुपारी नमुने घेऊन, जेवून, ‘ऑक्सिजन भरपूर’ असं लिहून घरी यायचो. मग मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराने मला ऐकवलं, ‘साहेब, मासा मरतो पहाटे आणि तुम्ही येता जेवायच्या वेळेला.’ त्यानंतर मी पहाटे चारला काठावर बसायला शिकलो. रात्री शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट वापरतं. जिवाणू तर चोवीस तास वापरतात. उजाडायच्या आधी तोच आकडा दीड-दोनवर येतो आणि मासे पृष्ठभागावर तोंडं काढून हवा गिळताना दिसतात.

यात मृगाचा पाऊस आला की काय होतं? उन्हाळाभर वरचं पाणी तापलेलं आणि तळचं गार असतं, त्यामुळे दोन्ही फारसे मिसळत नाहीत. तळच्या थरातला ऑक्सिजन गाळातल्या जिवाणूंनी केव्हाच संपवलेला असतो. पण ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत, दुसऱ्या कशावर तरी श्वास घेतात. आधी नायट्रेट वापरतात, मग गंजासारखं तांबूस लोह, मग सल्फेट. सल्फेटचा झाला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, आणि लोहाशी मिळून त्यानेच गाळ काळा केला. शेवटच्या पायरीवर मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. बांबू गाळात खुपसल्यावर बुडबुडे येतात त्यांत मुख्यतः तोच वायू. वादळी पावसाने हे सगळं तळचं पाणी एका रात्रीत वर येतं, शेणा-पाल्याचा लोंढा नाल्यातून आत येतो, आभाळ भरलेलं असल्यामुळे शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, आणि सकाळी मासे तरंगतात. तुमच्या गावात ‘कुणीतरी विष टाकलं’ अशी कुजबुज झालीच असेल. झाली असेल तर ती थांबवा.

आता स्वतःलाच विचारा, ज्या पाण्यात पहाटे दीड मिलिग्रॅम ऑक्सिजन उरतो तिथे आणखी खाणारी तोंडं सोडून काय मिळणार? विक्रेता सांगतो की त्याचे जिवाणू सांडपाण्यातला अमोनिया संपवतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू असतात हे खरं, पण अमोनियातल्या एक ग्रॅम नत्रामागे (नायट्रोजनमागे) त्यांना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. हे जिवाणू वाढतातही सावकाश आणि त्यांना चिकटून बसायला जागा लागते. घाटाच्या पायरीवर पाय घसरतो ना, तो बुळबुळीत थर म्हणजे अशांचीच वसाहत. पाणवनस्पतींच्या देठांवरही तोच थर असतो. काठ सिमेंटने बांधून काढला आणि वनस्पती उपटल्या की या वसाहतीची घरंच आपण पाडतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता दगडी भिंत आणि रंगीत कारंजं दिसलं की मला धडकीच भरते.

मुख्य मुद्दा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा आहे आणि त्याबद्दल विक्रेता एक शब्दही बोलला नसणार. नत्राला तळ्यातून सुटायची वाट आहे. गाळातले काही जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करतात आणि तो हवेत जातो. कार्बनही वायू होऊन जातो. स्फुरदाला मात्र हवेत जायची वाट जवळजवळ नाहीच. जिवाणूने खाल्लं तर ते जिवाणूत, जिवाणू मेला की परत पाण्यात, नाहीतर गाळात. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ‘लेक २२६’ नावाच्या सरोवराच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. आकाशातून काढलेला तो फोटो ग्रामसभेत दाखवला तर माझ्या या सगळ्या मजकुराची गरज उरणार नाही.

तुमच्या तळ्यात स्फुरद किती येत असेल? एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला ढोबळ एक ग्रॅम. वरच्या आळीत पाचशे माणसं धरली तर वर्षाला एकशे ऐंशी किलो. त्यातला दहावा हिस्साच तळ्यात पोचतो असं मानलं तरी अठरा किलो, म्हणजे लिटरला साधारण ०.४५ मिलिग्रॅम. ०.१ च्या वर गेलं की तळं अतिपोषित समजतात. यात गुरांचं शेण, खतांचा वाहून येणारा अंश आणि धुण्याच्या काही पावडरींतलं स्फुरद धरलेलंच नाही. आणि मघाचं तांबूस लोह आठवा. ऑक्सिजन असेपर्यंत ते स्फुरदाला गाळात धरून ठेवतं. तळाशी ऑक्सिजन संपला आणि जिवाणूंनी ते लोह वापरलं की धरलेलं स्फुरद सुटून परत वर येतं. म्हणून नाला बंद केल्यावरही तळं लगेच निवळत नाही, गाळ काही वर्षं जुनी उधारी वसूल करत राहतो.

इथे माझी एक चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका शहराच्या कडेच्या तळ्यात मीच असं कल्चर, म्हणजे तयार जिवाणूंचं मिश्रण, टाकायचा सल्ला दिला होता. वर्षभरात पाणी खरंच सुधारलं. आम्ही आकडेवारीसकट अहवाल लिहिला, माझा सत्कारबित्कार झाला. दोन वर्षांनी तळं पुन्हा हिरवं झालं, कल्चर तर नेमाने पडत होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की पहिल्या वर्षी रस्त्याच्या कामासाठी तळ्यात येणारी गटारवाहिनी तात्पुरती वळवली होती. काम संपलं, वाहिनी परत तळ्यात सुटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि मी कावळ्याच्या वजनावर अहवाल लिहिला. तेव्हापासून बाजूला तुलनेसाठी काही ठेवलं नसेल तर ‘गुण आला’ या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही.

विक्रेत्याच्या बाटलीलाही हीच कसोटी लावा. पुढच्या वेळी तो आला की तळ्याच्या पाण्याच्या दोन बादल्या भरा. एकीत पावडर टाका, दुसरीत काहीच नको, दोन्ही शेजारी सावलीत ठेवा. बंद बाटलीत नवीन सांडपाणी येत नाही, गाळ खाली बसतो, अंधारात शेवाळ मरतं. पाणी तसंही निवळतं. दोन्ही बादल्या सारख्याच निवळल्या तर गावासमोर वेगळं काही बोलायची गरज पडणार नाही.

म्हणजे जिवाणू टाकणं नेहमीच फोल का? नाही. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प सुरू करताना चालू प्रकल्पातला गाळ टँकरने आणून घालतात, आणि ते योग्यच आहे. तिथे टाकी बंदिस्त असते, हवा यंत्राने फुंकली जाते आणि गाळ बाहेर वाहून जाऊ देत नाहीत. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी या पद्धतीचा पाया घातला तेव्हा त्यांनीही जिवाणू विकत आणले नव्हते. सांडपाण्यात होते तेच राखले आणि त्यांना हवा दिली. प्लास्टिक अंथरलेल्या नव्याकोऱ्या शेततळ्यात दाटीने मासे पाळणाऱ्यालाही कल्चरचा उपयोग होऊ शकतो. तिथे गाळ नसतो, पाणी थोडं असतं आणि एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालू असतो. तुमचं तळं या दोन्हींत बसत नाही.

लोणारचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हापासून ‘आमचंही पाणी रंग बदलतं’ असं लोक मला सांगतात. ते पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, रंग मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. गोड्या पाण्याच्या तळ्याशी त्याची तुलना करू नका.

तुमच्या हिरव्या रंगाबद्दल मात्र मला खरी काळजी आहे. हे साधं हिरवं शेवाळ आहे की निळं-हिरवं? नावात शेवाळ असलं तरी निळं-हिरवं म्हणजे मुळात जिवाणूच, आणि त्यातल्या काही जाती यकृताला घातक विष बनवतात. ओळखायची सोपी रीत अशी: काचेची उभी बरणी तळ्याच्या पाण्याने भरा, रात्रभर न हलवता ठेवा. हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून भरा. सकाळी हिरवेपणा तळाशी बसला असेल तर बहुधा साधं शेवाळ. वर सायीसारखा थर आला असेल तर निळ्या-हिरव्याचा दाट संशय घ्या. त्यांच्या पेशीत वायूचे बारीक फुगे असतात, त्यामुळे ते तरंगतात. ही अंतिम परीक्षा नव्हे, सूक्ष्मदर्शक लागेलच. पण गुरं पाण्यावर न्यायची की नाही, हे ठरवायला एवढं पुरेसं आहे.

आणि कुणी मोरचूद टाकायला सांगितलं तर हात धरा. ऑस्ट्रेलियात पाम बेटावर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ मारायला मोरचूद टाकलं. पेशी फुटल्या, आतलं विष पाण्यात उतरलं, १४८ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक मुलं. उकळून प्यायलं तर चालेल असंही समजू नका. अमेरिकेत टोलेडो शहराला ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या अशाच विषामुळे चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असं सांगावं लागलं होतं. उकळल्याने हे विष जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं.

मग पावडरीचे पैसे कुठे लावायचे? इथे मात्र बरंच काही तुमच्या परिस्थितीवर ठरेल आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तळं मे महिन्यात आटतं का, पाणी कुणी पितं का, मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे आणि तो बाहेरून खाद्य टाकतो का?

काहीही असलं तरी पहिला पैसा नाल्यावर. घरोघरी शोषखड्डे होत असतील तर उत्तम. काळी माती असेल तर पाणी मुरत नाही, मग शोषखड्ड्याचा हट्ट धरू नका. त्याऐवजी नाल्याच्या तोंडाशी आधी गाळ बसायला खड्डा आणि मग खडी भरलेला उथळ चर काढा, त्यात पाणकणीस लावा. खडीवर आणि मुळांवर तोच बुळबुळीत थर बसतो आणि तळ्याचं काम तळ्याच्या बाहेर होतं. पाणकणीस दरवर्षी कापून बाहेर न्यायचं. कापलं नाही तर त्याने उचललेलं स्फुरद कुजून परत पाण्यात. हे काम दोन वर्षांनी सगळे विसरतात, म्हणून ते कुणाच्या तरी नावावर आजच लावा.

तळं उन्हाळ्यात आटत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. सुकलेला गाळ काढून शेतात टाका. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना त्यासाठीच आहे. तळ्याला डोईजड झालेलं स्फुरद शेताला हवंच असतं. नाल्यात कारखान्याचं पाणी येत असेल तर मात्र आधी गाळाची जड धातूंसाठी तपासणी करून घ्या. उरलेला तळ नांगरून ऊन खाऊ द्या, हवा लागली की लोह पुन्हा तांबूस होतं आणि स्फुरद धरायला लागतं. भंडारा-गोंदियाकडच्या काही मामा (माजी मालगुजारी) तलावांत बेशरमाची झुडपं उपटून, तळ नांगरून, देशी पाणवनस्पती लावण्याचं काम ढिवर समाजाच्या लोकांनी केलंय. पाहायला जा. मी तिथे शिकवायला म्हणून गेलो होतो आणि वही भरून घेऊन आलो.

आटत नसेल तर गाळ काढणं महाग पडेल. तेव्हा काही वर्षं धीर धरा आणि पहाटेसाठी एअरेटर भाड्याने ठेवा. तो रात्री बारा ते सूर्योदय चालवायचा. पुष्कळ ठिकाणी वीज आहे म्हणून दुपारी चालवतात, तेव्हा त्याची गरज सर्वांत कमी असते. एअरेटर मासे वाचवतो, तळं सुधारत नाही, हेही ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा. त्याला आणखी दोन गोष्टी सांगा. आभाळ भरून आलं की त्या दिवशी खाद्य बंद. आणि गवत्या मासा सोडू नको, तो पाणवनस्पती फस्त करतो.

मृग यायला किती दिवस आहेत त्यावर क्रम ठरवा. या वर्षी माशांपुरता विचार करायचा तर मोठे मासे मेअखेर काढून विकणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बाकी कामं पावसानंतर. बरणी आजच भरा आणि उद्या सकाळी वर थर आला की तळाशी बसलं ते कळवा. थर आला असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता आधी गुरं दुसऱ्या पाण्यावर हलवा.